पाणी वाटा, पण आपली पाळी सोडू नका

«साहेब, नमस्कार. मी दहिवडीजवळच्या एका गावातला शेतकरी. मुलीनं कराडला राहून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, फर्स्ट क्लास मिळाला. निकालानंतर घरी आली आणि रोज संध्याकाळी समाजमंदिरात बसायला लागली. कुणाचा फॉर्म भर, कुणाला दाखल्याचं सांग, दहावीच्या पोरांना गणित शिकव. आता तीस-पस्तीस पोरं येतात. बारावीचा एक पोरगा तर तिच्या शेजारून हलत नाही. पोरं पासवर्ड विसरतात म्हणून सगळ्यांचे पासवर्ड हिच्याच वहीत. वर्गातल्या दोन मैत्रिणींना हिनंच डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाची सगळी माहिती दिली, त्यांचं ॲडमिशन झालं. हिचा स्वतःचा फॉर्म मात्र राहिला. शेवटच्या दिवशी ही गावातल्या एका पोरीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला गेली होती. माझा भाऊ म्हणतो, पोरगी लष्कराच्या भाकरी भाजतीया, आणि सगळ्यांना सांगून स्वतःची जागा घालवतीया. हे बंद करायला सांगू का? कोरडवाहू पाच एकर आहे, विहिरीत चार आणे हिस्सा. आणखी एक वर्ष तिला घरी बसवणं परवडणार नाही.»

दादा, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बंद करायला सांगू नका. पण आज चाललंय तसंही चालू देऊ नका.

आधी तुमच्या भावाच्या बोलण्याचा विचार करू, कारण अशी शंका सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत मी ऐकतो. दुसऱ्याला सांगितलं की आपली जागा जाते. थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशात जागा मोजक्या असतात, हे खरं आहे. पण तिथली यादी डिप्लोमाच्या गुणांवर लागते आणि त्या यादीत सगळ्या राज्यातली मुलं असतात. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला तारीख सांगितली नाही, म्हणून आपला नंबर वर सरकत नाही. तुमच्या मुलीची जागा मैत्रिणींनी घेतलेली नाही. तिनं फॉर्मच भरला नाही. हे दोन वेगळे विषय आहेत, आणि घरातल्या रागात ते एक झालेत.

अप्रेंटिसशिपचं तर उलटंच आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली आज ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्क्यांपर्यंत. फलटण, शिरवळ, सातारा या पट्ट्यात असे कितीतरी कारखाने आहेत. आणि मला दिसतं ते असं, की आपल्याकडची मुलगी गुणांत मागे पडून घरी बसत नाही, ती सोबत नाही म्हणून बसते. एकटीला फलटणला खोली करून ठेवायला कोणता बाप पटकन तयार होईल? त्याच गावातल्या दोघी निघाल्या की खोलीचं भाडं निम्मं होतं, रात्रीच्या पाळीची काळजी कमी होते, घरातली आजीसुद्धा हो म्हणते. तुमच्या लेकीनं जी माहिती वाटली, त्यातून उद्या तिचीच सोबत तयार होणार आहे. हा फायदा तिनं मोजलेला नसेल, तुम्ही मोजा.

आता तिच्या चुकीकडे येतो. तुमच्या विहिरीत तुमचा चार आणे हिस्सा आहे म्हणता, म्हणजे पाण्याची पाळी ठरलेली असणार. शेजाऱ्याचं पीक सुकत असेल तर आपल्या पाळीतला तास-दोन तास त्याला देणारा माणूस गावात मान मिळवतो. पण सगळी पाळी देऊन स्वतःचं रान कोरडं ठेवत नाही कुणी. तिनं ते केलं. उत्पन्नाचा दाखला दोन दिवस उशिरा मिळाला असता तरी त्या पोरीचं बहुतेक काही अडलं नसतं, हिचं मात्र वर्ष अडलं. हे तिला तुम्ही सांगा, पण चिडून नको. ती चांगलं काम करता करता चुकली आहे, आणि तिलाही ते तुमच्याइतकंच लागलं असणार.

मला स्वतःला हा धडा वेगळ्या तऱ्हेनं मिळाला. बऱ्याच वर्षांपूर्वी वडूजकडच्या एका शिबिरात मी प्रवेशाच्या तारखांचा कागद वाटला. त्यातली कागदपत्र तपासणीची एक तारीख चुकीची होती. कुणीतरी दिलेली यादी मी न तपासता छापून घेतली होती. एक मुलगा त्या कागदावर विश्वासून एक दिवस उशिरा पोचला. त्याचा चेहरा आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून माझ्या टेबलावरून जाणाऱ्या प्रत्येक कागदावर मी तीन गोष्टी लिहितो: ही माहिती मूळ कुठं प्रसिद्ध झाली, मी ती कोणत्या दिवशी पाहिली, आणि शेवटची तारीख काय. समाजमंदिरात एक फळा असेलच. त्यावर याच तीन गोष्टींशिवाय काही लिहायचं नाही, असं तिनं ठरवावं. मोबाइलवर फिरत आलेला भरतीचा फोटो फळ्यावर चढवायचा नाही, आणि नोकरीची हमी देऊन आधी पैसे मागणाऱ्याचा तर मुळीच नाही.

त्या वहीबद्दल वाचून मी दचकलो. तीस पोरांचे पासवर्ड एका वहीत! कुणाच्या शिष्यवृत्तीच्या खात्यात काही गडबड झाली, कुणाच्या अर्जातलं कॉलेज बदललं गेलं, तर पहिलं बोट त्या वहीकडे जाईल, आणि तिची काही चूक नसताना ती अडकेल. या आठवड्यातच प्रत्येकाला बोलावून त्याच्या त्याच्या हातानं नवा पासवर्ड टाकायला लावा आणि तो त्याच्या घरी लिहून ठेवायला सांगा. नंतर वही तुमच्यासमोर जाळा. आधारच्या झेरॉक्स पडल्या असतील तर ज्याच्या त्याला परत करा. ओटीपी कुणी विचारायचा नाही आणि कुणी सांगायचा नाही, अगदी ताईलासुद्धा नाही.

आता तिची संध्याकाळ. तीस-पस्तीस पोरांचं एकटीनं करायचं म्हटलं तर ती वर्षभरात थकेल, आणि ती परगावी गेली की सगळं बंद पडेल. म्हणून तिचा हात बाजूला काढायला सुरुवात करा. ज्याचा फॉर्म भरून झाला त्यानं पुढच्या एकाचा फॉर्म तिच्या देखरेखीखाली भरायचा, हा एकच नियम पुरे. दहावीच्या पोराला अकरावीतल्यानं गणित शिकवायचं. आपल्या जिल्ह्याला हे नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था सुरू केली. पुढे साताऱ्यात बोर्डिंग उभं राहिलं ते घराघरातून आलेल्या मूठभर धान्यावर आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या दागिन्यांवर, त्यात त्यांचं मंगळसूत्रही गेलं. पण त्यांनी मुलांना नुसतं जेवायला वाढलं नाही. शेतात, स्वयंपाकात, बांधकामात मुलं स्वतः राबली, म्हणूनच ती संस्था त्यांची झाली. तुमच्या समाजमंदिरातली पोरं आज फक्त पाहुणी आहेत.

आणि म्हसवड तर तुमच्याच तालुक्यात. तिथल्या बायकांनी सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हांसोबत स्वतःची बँक काढायचं ठरवलं तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण अर्ज करणाऱ्यांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या परत आल्या आणि अक्षरं गिरवायला बसल्या. व्याजाचा हिशोब तर तोंडी आधीच येत होता. पुन्हा गेल्या, आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्या पाहुण्यासारख्या बसून राहिल्या नाहीत, स्वतः शिकल्या. तुमच्या लेकीला ही गोष्ट ठाऊक असेल, तरी पुन्हा सांगा.

तिच्याकडे येणाऱ्या पोरांसाठी दोन-तीन गोष्टी, कारण ती नक्की विचारेल. दहावीआधीच शाळा सुटलेल्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीची परीक्षा देता येते, आणि आयटीआयत वेल्डर, वायरमनसारख्या काही ट्रेडना दहावी नापास मुलांनाही प्रवेश असतो. शिक्षण सुटलेल्यांसाठी आरसेटी आहे, म्हणजे बँकेतर्फे चालणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. मोफत प्रशिक्षण, राहणं-जेवण तिथंच. साताऱ्यात जाऊन एकदा बघून यावं. आणि अकरावी-बारावीच्या मुलांना आत्ताच सांगावं की जात पडताळणीचा अर्ज निकालानंतर करायचा नसतो. नॉन क्रीमीलेअर दाखला असेल तर तो प्रवेशाच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध लागतो. जूनमध्ये तहसीलला जी रांग लागते ती निम्म्यानं कमी होईल. मग शेवटच्या दिवशी कुणाला धावावं लागणार नाही, तुमच्या लेकीलाही.

आता तिच्या स्वतःच्या वाटेबद्दल. यंदाचे डिग्रीचे प्रवेश झाले, ते सोडून द्या. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो, डिप्लोमाचे गुण शिळे होत नाहीत. फीची धास्ती असेल तर ऐका. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) गटातल्या आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. वसतिगृह आणि जेवणाचा खर्च वेगळा, तो धरून चाला. तिनं हे मैत्रिणींना सांगितलं असणार. तुम्हाला सांगितलं का? पत्रातली परवडण्याची ओळ वाचून मला वाटतं, घरात हे बोलणं झालेलं नाही.

माझं मत मात्र असं, की तिनं आधी एक वर्ष अप्रेंटिसशिप करावी. डिप्लोमावाल्यांसाठी राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजना आहे, आपल्या भागाचं काम मुंबईच्या अप्रेंटिसशिप ट्रेनिंग बोर्डाकडून चालतं. नाव ऑनलाइन नोंदवायचं, महिन्याला विद्यावेतन मिळतं, त्यातल्या किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलतं. त्यामुळे घरी बसण्याचा प्रश्नच मिटतो. पॅनेल, मोटर, ट्रान्सफॉर्मर यांवर वर्षभर हात चालला की डिग्रीला जायचं की नोकरीला, हे तिला आपोआप कळेल. तारखा डिग्रीच्या प्रवेशाशी जुळल्या नाहीत तर डिग्री एक वर्ष पुढं ढकलावी लागेल. मला त्यात तोटा दिसत नाही, तुम्हाला दिसत असेल तर तिच्यासोबत बसून ठरवा.

आणि एक गोष्ट, जी मला तुमच्या पत्रात सर्वांत मोलाची वाटली. तीस-पस्तीस पोरं रोज संध्याकाळी स्वतःहून एखाद्याकडे येतात, हे शिकवण्याचं अंग आहे. सगळ्यांकडे नसतं. आयटीआयमध्ये ट्रेड शिकवणाऱ्याला शिल्पनिदेशक म्हणतात. त्यासाठी सीआयटीएस हा एक वर्षाचा प्रशिक्षण अभ्यासक्रम असतो, आणि त्याला डिप्लोमावालेही जाऊ शकतात. कारखान्यात वर्षभर काम केलेली, इलेक्ट्रिकल जाणणारी आणि पोरांना समजेल असं सांगणारी मुलगी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये उभी राहिली, तर समोर बसलेल्या मुलींना पहिल्यांदा वाटेल की हा ट्रेड आपलाही आहे. तिनं हा पर्याय मनात ठेवावा. आज ठरवायची घाई नाही.

भावाला सांगा, लष्कराच्या भाकरी भाजणाऱ्याच्या घरची चूल विझते तेव्हाच ती म्हण लागू होते. सकाळचे तीन तास तिचे स्वतःचे, त्यात कुणाचा फोन नाही, कुणाचा दाखला नाही. तहसीलला गावातल्या पोरांसाठी आठवड्यातून एकच दिवस, आणि तिच्या स्वतःच्या अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात तोही नाही. हे तुम्ही आणि तिनं मिळून ठरवा आणि समाजमंदिरातल्या फळ्यावर लिहा, म्हणजे पोरांनाही कळेल.

शेवटचं तिच्यासाठी लिहितो, तिला वाचायला द्या.

बाळ, आज संध्याकाळी पहिला फॉर्म तुझा. अप्रेंटिसशिपची नोंदणी. कीबोर्डवर त्या बारावीच्या पोराला बसव आणि तू शेजारी बस. तो चुकला तर लगेच हात घालू नको, तोंडानं सांग. मोबाइल नंबर मात्र तुझा स्वतःचा दे, आणि पासवर्ड टाकताना त्याला म्हण, तिकडं बघ.