सहा हजारांचा लाइट-शो की चौदाशेचा?

प्रश्न: आम्ही टेक्सासमध्ये फ्रिस्कोला राहतो. घर स्वतःचं, दोन मजली. मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, पगार वर्षाला १,१०,००० डॉलर. पत्नी माझ्यावर अवलंबून म्हणून एच-४ व्हिसावर, तिला सध्या नोकरी करता येत नाही. बारा वर्षांचा मुलगा आणि मी मिळून यंदाच्या ख्रिसमसला घरावर गाण्याच्या तालावर चालणारी रोषणाई करायची ठरवली आहे: ५,००० पिक्सेल (एकेकाचा रंग वेगळा बदलता येणारे दिवे), अंगणात दिव्यांचं मोठं झाड, गाडीच्या रेडिओवर गाणं ऐकवणारा एफएम ट्रान्समीटर. सामानाच्या किमतींची यादी जोडली आहे, बेरीज ६,००० डॉलर. सप्टेंबरअखेर ९,००० बोनस मिळेल. उन्हाळ्यात पुण्याला जाऊन आलो त्याचे ४,२०० क्रेडिट कार्डावर आहेत, व्याज २४ टक्के, महिन्याला ३०० भरतो. बचतीत २०,०००, घरखर्च महिना ६,५००. ४०१-के या निवृत्तीच्या खात्यात पगाराचे ४ टक्के घालतो, कंपनी ५ टक्क्यांपर्यंत तेवढेच घालते. एका दुकानाचं कार्ड १२ महिने बिनव्याजी मिळतंय. ते घ्यावं की बोनस वापरावा? वीजबिल किती येईल? यूट्यूबवर टाकून खर्च निघेल का?

उत्तर: शो करा, पण यंदा ५,००० नव्हे, हजारेक पिक्सेलचा करा. खर्च १,४०० डॉलरच्या आत ठेवा आणि तो बोनसमधून, कार्डाचं कर्ज फेडल्यानंतर उरलेल्या पैशातून करा. दुकानाचं कार्ड घेऊ नका.

आधी बोनसचं बघू. ९,००० हातात येत नाहीत. बोनसवर फेडरल कर सरसकट २२ टक्के कापला जातो, म्हणजे १,९८०. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून ७.६५ टक्के, म्हणजे ६८८. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. ४०१-केची कपात धरली नाही तरी खात्यात ६,३३० च्या आसपास येतील. यादीवर सेल्स टॅक्सही धरलेला नाही. फ्रिस्कोत तो ८.२५ टक्के आहे, म्हणजे ६,००० चे साडेसहा हजार झाले. तुमच्या आराखड्याला बोनस पुरतच नाही, आणि कार्डाचे ४,२०० जिथल्या तिथे राहतात.

त्या ४,२०० वर महिन्याला ८४ डॉलर व्याज जातं. तुम्ही भरता त्या ३०० पैकी मुद्दल २१६ नेच कमी होतं. चोवीस टक्के खात्रीने मिळवून देणारी गुंतवणूक बाजारात नाही, पण हे कर्ज फेडलं की नेमके तेवढेच वाचतात. म्हणून बोनस आला की पहिल्याच दिवशी कार्ड शून्यावर आणा. उरतील २,१३०.

दुकानाच्या कार्डावरचं बिनव्याजी म्हणजे बहुतेक वेळा लांबणीवर टाकलेलं व्याज असतं. करारात ‘डिफर्ड इंटरेस्ट’ हे शब्द शोधा. महिना ४०० प्रमाणे बारा महिने भरले तर ४,८०० होतात, १,२०० उरतात. मग व्याज फक्त त्या १,२०० वर लागत नाही, पहिल्या दिवसापासूनच्या शिल्लक रकमेवर लागतं. ३० टक्के दराने ते सुमारे १,१०० डॉलर होतं. म्हणजे आणखी एक छोटा शो व्याजातच गेला.

बचतीतल्या २०,००० ला हात लावू नका. घरात एकच कमाई, तीही एच-१बीवर. नोकरी गेली तर नवी शोधायला किंवा स्टेटस बदलायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्या दिवसांत घराचा हप्ता, विमा, कदाचित वकील आणि तिकिटं, सगळं या पैशातूनच जाणार. तीन महिन्यांची तरतूद आज आहे, ती सहा महिन्यांची व्हायला हवी.

आता खुद्द रोषणाई. ही एकदा घेऊन टाकायची वस्तू नाही, दरवर्षी पैसे मागणारी आहे. पुढच्या वर्षी पोराला नवी गाणी हवी असतात, काही माळा मेलेल्या निघतात, आणि सगळं ठेवायला जागा लागते. तुमच्या यादीतलं झाड, कमानी आणि कोरोप्लास्टचे (पोकळ पन्हळी प्लास्टिकच्या पत्र्याचे) बारा आकार गॅरेजमध्ये गाडीसकट मावणार नाहीत. ८० डॉलर महिन्याने स्टोरेज घेतलं तर वर्षाला ९६० झाले. हा आकडा यादीत नाही. जोडवायर, वॉटरप्रूफ कनेक्टर, केबल टाय, पीव्हीसी पाइप, जमिनीत ठोकायचे लोखंडी गज हेही नाहीत. सुटे सामान म्हणून हे सहज राहून जातं, पण बेरीज शेकड्यात जाते.

यंदासाठी मी असं मांडेन. पहिल्या मजल्याच्या पागोळीची ५० फूट कड, दर ३ इंचांवर एक दिवा, म्हणजे २०० पिक्सेल. गॅरेजच्या दाराची चौकट ३० फूट, १२० पिक्सेल. दोन खिडक्या १४४. अंगणात ५० पिक्सेलच्या चार कमानी, २००. कोरोप्लास्टचे दोन आकार मिळून ३००. झाले ९६४. ५० पिक्सेलच्या २२ माळा घ्या, शंभराहून जास्त सुटे राहतील. तुमच्या यादीतल्या १८ डॉलर भावाने ३९६. माळांना हुकूम देणारा सोळा आउटपुटचा कंट्रोलर २७०, साडेतीनशे वॉटचे दोन १२ व्होल्ट पॉवर सप्लाय ७६, पेटी ४०, शो वाजवणारं फाल्कन प्लेअर हे सॉफ्टवेअर चालवायला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक मेमरी कार्डासकट ७५, जोडवायर आणि कनेक्टर १२०, दोन आकार १४०, पाइप-गज-टाय ८०, तीन तयार सिक्वेन्स (गाण्यात कोणता दिवा केव्हा पेटायचा याच्या फायली) ९०. बेरीज १,२८७, टॅक्स धरून १,३९५ च्या आत. एक्सलाइट्स हे सिक्वेन्सिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, तिथे पैसे घालू नका.

कंट्रोलर मात्र सोळा आउटपुटचाच घ्या, यंदा आठच वापरले तरी चालेल. आठ आउटपुटचा घेतला तर पुढच्या वर्षी झाड आलं की बदलावा लागेल. काटकसर आकारांवर करा, कारण नवीन आकार केव्हाही जोडता येतो. शिवाय कधी विकायची वेळ आली तर कंट्रोलर आणि पॉवर सप्लायला गिऱ्हाईक असतं. तुमच्या खिडकीच्या मापाने कापलेल्या चौकटीला नसतं. व्हिसावर राहणाऱ्याने हे डोक्यात ठेवावं.

तयार सिक्वेन्स विकत घ्या म्हणतो, कारण तीन मिनिटांचं एक गाणं एक्सलाइट्समध्ये पहिल्यांदा स्वतः बसवायला वीस-पंचवीस तास सहज जातात. विकतचा सिक्वेन्स आपल्या आकारांवर मॅप करायला एक-दोन संध्याकाळ पुरतात. चौथं गाणं मुलाला स्वतः बसवू द्या. एक्सलाइट्समध्ये गाण्याची लाटरेषा समोर दिसते, त्यावर तो ठेक्याच्या खुणा मारत जाईल. तुमच्या पत्रावरून त्याला खरं हेच करायचंय असं दिसतं, आणि याला पैसे लागत नाहीत.

पैसे कुठे वाया जातात, तेही सांगतो. पहिलं, दोन विक्रेत्यांकडून माल घेणं. दिसायला सारखे असलेले तीन पिनांचे कनेक्टर एकमेकांत बसत नाहीत, मग प्रत्येक टोक कापून डाग द्यावा लागतो. सगळं एकाच प्रकारचं घ्या. दुसरं, ५ आणि १२ व्होल्टची सरमिसळ. ५ व्होल्टच्या माळेला चुकून १२ दिले की अख्खी माळ जळते. तिसरं, परवडतं म्हणून थेट चीनमधून मागवणं. लहान पार्सलांना असलेली ड्यूटीमाफी चीनच्या मालासाठी २ मे २०२५ पासून गेली आहे, त्यामुळे जुन्या व्हिडिओंमधले भाव आता खरे नाहीत. वेळही जातो तो वेगळाच. अमेरिकेत आधीच आलेला साठा घ्या.

पॉवर सप्लायच्या बाजूला जाळीत एक बारीक सरकता खटका असतो, ११५ आणि २३०. या जातीचे बरेच सप्लाय २३० वर लावून येतात. तुमच्याकडे तो ११५ वर असायला हवा, नाहीतर नीट चालत नाही आणि माणूस नवा मागवतो. भारतात नेलात तर वीज जोडण्याआधी पुन्हा २३० वर करा. ११५ वर ठेवून २३० दिले तर तो जागीच जातो.

विजेची धास्ती सोडा. १२ व्होल्टचा एक पिक्सेल पूर्ण पांढरा पेटला तर ०.७२ वॉट घेतो. ५,००० चे झाले ३,६०० वॉट. पण एवढ्या प्रखर कोणी चालवत नाही. ३० टक्क्यांवर ते १,०८० होतात, आणि गाण्यात सगळे दिवे सतत पांढरे नसतात, म्हणून सरासरी निम्मी धरा. थँक्सगिव्हिंगपासून १ जानेवारीपर्यंत ३७ रात्री, रोज पाच तास: साधारण १०० युनिट. १५ सेंटच्या दराने १५ डॉलर. तुमच्या ९६४ पिक्सेलना ३ डॉलर.

बिलापेक्षा सर्किटकडे बघा. १५ अँपिअरचं सर्किट १२० व्होल्टला १,८०० वॉट देतं, पण तीन तास किंवा जास्त सलग चालणारा भार ८० टक्क्यांच्या आत, म्हणजे १,४४० च्या आत ठेवायचा. कंट्रोलरमध्ये ब्राइटनेस ३० टक्क्यांवर बांधून टाका. मोठ्या आराखड्यात गॅरेजचा फ्रीज त्याच सर्किटवर निघाला की इलेक्ट्रिशियन बोलवावा लागतो, तोही खर्च यादीत नव्हता.

माळेचं शेवटचं टोक पांढऱ्याऐवजी गुलाबी दिसलं तर पिक्सेल खराब म्हणून परत पाठवू नका. तारेत व्होल्टेज पडतं, निळा आणि हिरवा आधी मंदावतो, लाल टिकतो. १२ व्होल्टवर साधारण शंभर पिक्सेलनंतर पॉवर पुन्हा द्या, रंग जागेवर येतो. म्हणजे तुमच्या पागोळीला मध्यावर एक जोडणी हवीच. पावसात जीएफसीआय, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका, पडतो तो बहुधा गवतात लोळणाऱ्या कनेक्टरमुळे. ते गजाला बांधून वीतभर वर उचला आणि पेटीच्या तळाला पाणी निथळायला भोक ठेवा.

दुसऱ्या मजल्याची पागोळी यंदा सोडा. शिडीवरून पडल्यास हॉस्पिटलचं डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम, या सगळ्या सामानाच्या वर जाईल, आणि माणूस लावून करून घ्यायची तर बजेट तिथेच मोडतं.

एफएम ट्रान्समीटरही यंदा नको. परवान्याशिवाय चालवायच्या ट्रान्समीटरला एफसीसी या सरकारी संस्थेची मर्यादा ३ मीटरवर २५० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर आहे, म्हणजे साधारण २०० फूट पोच. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे पुष्कळ ट्रान्समीटर याच्या कितीतरी वर जातात, आणि दंड चालवणाऱ्याला होतो. घरातला स्पीकर रात्री नऊपर्यंत हळू आवाजात लावा. एचओएचे (वसाहतीच्या घरमालक संघाचे) आवाजाचे आणि तारखांचे नियम आधी लेखी मागवा. गर्दीचा विचारही आधीच करा. ओहायोतल्या मेसनच्या एका घराचा १६,००० दिव्यांचा, सुमारे दहा हजार डॉलरचा शो इंटरनेटवर गाजला. डिसेंबर २००५ मध्ये बघ्यांच्या गाड्यांमुळे अपघाताच्या जागी पोलिसांना पोचता येईना, तेव्हा मालकाने तो बंद केला. होमओनर्स विम्याच्या एजंटला एक ईमेल टाकून ठेवा: लोक बघायला येणार आहेत, तिकीट नाही, कुणाला इजा झाली तर लायबिलिटी लागू आहे ना?

यूट्यूबच्या कमाईवर हिशेब बांधू नका. गाणी दुसऱ्याच्या हक्काची, त्यामुळे जाहिरातींचे पैसे बहुधा हक्कदाराकडेच जातात. त्याहून गंभीर म्हणजे एच-१बीवर नोकरीबाहेरचं उत्पन्न हा इमिग्रेशनचा प्रश्न होऊ शकतो. वकिलाला विचारल्याशिवाय मॉनेटायझेशन चालू करू नका, अंगणात दानपेटीही ठेवू नका. लोकांना काही द्यायचंच असेल तर नॉर्थ टेक्सास फूड बँकेच्या स्वतःच्या देणगीपानाचा क्यूआर कोड फलकावर लावा. पैसा तुमच्या हातातून जायला नको.

वापराच्या रात्री मात्र वाढवता येतील. यंदा, २०२६ मध्ये, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. तिथून १ जानेवारीपर्यंत ५५ दिवस होतात, आणि सणाच्या तात्पुरत्या रोषणाईला अमेरिकेची राष्ट्रीय विद्युत संहिता ९० दिवस देते. कोरोप्लास्टच्या दोन आकारांपैकी एक आकाशकंदिलाचा कापून घ्या. दिवाळीत तो केशरी, डिसेंबरात तोच लाल-हिरवा, कारण रंग सॉफ्टवेअरमधून बदलतो. एचओएला तारखा विचारताना हेही विचारून घ्या.

१,४०० वजा जाता बोनसचे ७३० उरतात, ते बचतीत टाका. कार्ड फिटल्यावर महिन्याचे ३०० मोकळे होतात. त्यातले ९२ आधी ४०१-केमध्ये वळवा, म्हणजे ५ टक्के पुरे होतील. आज तुम्ही कंपनीकडचे वर्षाला १,१०० डॉलर सोडून देताय. १५० रोषणाईच्या वेगळ्या खात्यात, ५८ बचतीत. पुढच्या सप्टेंबरपर्यंत त्या खात्यात १,८०० होतील. १६ माळांचं ८०० पिक्सेलचं झाड त्यात बसतं, खांब आणि वाऱ्यासाठी ताणतारांसकट. वर्षाच्या सुरुवातीला विक्रेत्यांच्या आगाऊ विक्रीत भाव बरे असतात, पण खात्यात जमले असतील तेवढ्याच माळा तेव्हा घ्या.

या वर्षीचा माल १५ ऑक्टोबरपर्यंत घरात यायला हवा. आल्या दिवशीच सगळ्या माळा गॅरेजच्या फरशीवर पसरून प्रत्येक रंगात तासभर पेटवा. मेलेला पिक्सेल परताव्याच्या मुदतीत सापडला पाहिजे. पागोळीवर चढवल्यानंतर सापडला तर पुन्हा शिडी आली.