थंडीतापावर किराईताचा काढा चालतो का?

सासूबाई तापात किराईत, म्हणजे त्या कडू झाडपाल्याचा काढा, पाजतात, किती द्यावं आणि थंडीताप खरंच जातो का, असं विचारलंय तुम्ही. प्रमाण माझ्याकडे नाही. आमच्या घरी आजीची मूठ हेच माप होतं.

मी सातवीत होतो. घर कुडाळजवळ, लावणी नुकतीच आटोपलेली. दुपारी तीनला हीव भरलं ते दोन गोधड्यांखालीही दात वाजत होते. मग ताप, मग घामानं गोधडी ओली. आजीनं माळ्यावरची सुकी जुडी काढली, टोपात उकळून पाणी काळं केलं. "थुकलंस तर आणखी एक वाटी देतलंय." गुळाचा खडा नंतर. दुसऱ्या दिवशी मी टुणटुणीत, पेज दोनदा मागून घेतली. धाकटे काका खळ्यात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले, "किरायतान एका दिसात ताप काढल्यान!" तिसऱ्या दिवशी, पुन्हा तीन वाजता, पुन्हा दात वाजले. पुन्हा काढा, पुन्हा उतार, काका पुन्हा खळ्यात. अशा चार पाळ्या झाल्यावर आई काकांशी भांडून मला आरोग्य केंद्रात घेऊन गेली. बोट टोचून काचेवर रक्त घेतलं. हिवताप म्हणजे मलेरिया निघाला, व्हायवॅक्स प्रकारचा. क्लोरोक्विन 3 दिवस, प्रायमाक्विन 14 दिवस.

व्हायवॅक्सचे जंतू साधारण दर 48 तासांनी तांबड्या पेशी फोडून बाहेर पडतात, थंडी तेव्हा वाजते. मधला दिवस काढा न घेताही ठीकच जातो. म्हणजे काका, माझा ताप त्याच्या वेळेनं उतरत होता आणि श्रेय टोपाला मिळत होतं. अजून दर गणपतीत काका ही गोष्ट सांगतात, त्यात आईचं नाव येत नाही.

किराईतावर माझा राग नाही. साध्या कणकणीला मी आजही घेतो. पण परसात उगवतं ते पालेकिराईत, चौकोनी दांड्याचं, मिरचीसारख्या पानांचं. काष्ठौषधीच्या दुकानातलं काडेकिराईत हिमालयातलं, कुळच वेगळं. सासूबाईंचं कुठलं ते आधी बघा. थंडी वाजून ताप आला तर पहिल्याच दिवशी रक्त तपासा, काढा हवा तर नंतर. आणि हो, गरोदर बाईला अजिबात देऊ नका. घरातलं कुणी शेतात चिखलात उतरलं असेल, पोटऱ्या दुखत असतील, डोळे लाल असतील तर लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून चिखलपाण्यात पसरणारा ताप) असू शकतो, तेव्हा चूल पेटवत बसू नका, रिक्षा बोलवा.