किट निगेटिव्ह, पाळीही नाही. तांबी बसवायची का?

“आशाताईंनी गरोदरपणाच्या किटवर बघितलं, एकच रेघ आली. मग आता तांबी बसवायला काय हरकत आहे?” कडेवर बाळ घेऊन आलेल्या ताईंचा प्रश्न रास्त होता. बाळंतपणानंतर त्यांना पाळी आलेली नव्हती. एका ठिकाणाहून ‘पाळी आल्यावर या’ म्हणून त्या परतल्या होत्या. हे उत्तर मला पटत नाही. बीज सुटतं ते पहिल्या पाळीच्या आधी, त्यामुळे पाळीची वाट बघता बघताच दिवस राहू शकतात.

अशा वेळी मी जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतले सहा प्रश्न विचारते. एकाचं जरी उत्तर ‘हो’ आलं आणि गरोदरपणाची लक्षणं नसली, तर किटशिवायही बाई गरोदर नाही असं धरता येतं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावर पिणारं आणि पाळी नाही, हा त्यातला एक.

“बाळ केवढं?”

“आठवा सरला. पेज, मऊ भात खातो की आता.”

म्हणजे तो आधार गेला. बाकीच्या प्रश्नांनाही ‘नाही’च. शेवटचा संबंध कधी, यावर ताई दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाल्या, “आठेक दिवस झाले. निरोध नव्हता.”

इथेच किटची मर्यादा येते. किट ज्यावर चालतं ते एचसीजी हे हार्मोन गर्भ रुजल्यावरच लघवीत उतरतं, आणि रुजायलाच आठवडाभर किंवा जास्त लागतो. आजची एक रेघ आठ दिवसांपूर्वीच्या संबंधाबद्दल काहीच सांगू शकत नाही. रक्ताची बीटा एचसीजी तपासणी थोडी आधी सांगते, पण इतक्या लवकर तीही निगेटिव्ह येऊ शकते. उगाच खर्च कशाला?

ठरलं असं: तीन आठवडे न चुकता निरोध, मग सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा किट. निकाल पाकिटावरच्या वेळेतच बघायचा. त्या वेळेत उमटलेली दुसरी रेघ फिकट असली तरी ती पॉझिटिव्हच. तासाभराने दिसलेली धरायची नाही. मध्येच ओटीपोटात एका बाजूला दुखलं, रक्त गेलं किंवा चक्कर आली, तर किट काहीही म्हणो, लगेच दवाखाना गाठायचा. गर्भ नळीत रुजला असेल तर जिवावर बेतू शकतं.

ताई ठरल्या वेळी आल्या. निरोध नेमाने वापरला होता, किट निगेटिव्ह होतं. डॉक्टरांनी तपासून त्याच दिवशी तांबी बसवली. पाळी तेव्हाही आलेली नव्हती.