क्यूब पास झाला, तरी पॅनेलचा कोपरा तुटला

प्रश्न : डिसेंबरमध्ये रात्री आम्ही काँक्रीट रस्त्याचे एक पॅनेल लवकर घट्ट होणाऱ्या सिमेंटने बदलले. साइट-ऑफिसात ठेवलेल्या क्यूबची (त्याच काँक्रीटच्या चाचणी-ठोकळ्याची) ताकद चार तासांनी २० मेगापास्कलच्या वर आली, म्हणून वाहतूक सोडली. पण आठवड्यातच कोपरा तुटला. मोजण्यात चूक झाली का?

– एक कनिष्ठ अभियंता, नाशिक जिल्हा

उत्तर : कोपऱ्याखाली पोकळी राहिली नव्हती ना, हे आधी पाहावे. मात्र आपण लिहिले आहे त्यावरून क्यूब आणि पॅनेल यांनी ते चार तास निरनिराळ्या हवेत काढले, हे उघड आहे. १५० मिलिमीटरच्या क्यूबवर ४५० किलोन्यूटन भार म्हणजे २० मेगापास्कल, हा हिशेब बरोबरच आहे. पण ती ताकद ऑफिसातल्या क्यूबची. पॅनेलची कड थंडगार जुन्या काँक्रीटला चिकटलेली असते आणि तिथली उष्णता सर्वांत आधी निघून जाते.

समजा, क्यूबचे सरासरी तापमान २८ अंश आणि कोपऱ्याचे १५ अंश होते. तापमान आणि वेळ यांवरून काँक्रीटच्या ताकदीचा अंदाज बांधणाऱ्या मॅच्युरिटी पद्धतीतील जुन्या, सोप्या सूत्रात तापमान उणे १० अंशांपासून मोजून तासांनी गुणतात. त्यानुसार क्यूबचे १५२ अंश-तास होतात आणि कोपऱ्याचे फक्त १००. म्हणजे क्यूबने चार तासांत गाठलेली पायरी गाठायला कोपऱ्याला सहा तासांहून थोडा अधिक वेळ लागला असता. हा उणे १०चा आकडा साध्या सिमेंटवरून आलेला आहे. आपल्या सिमेंटसाठी तो वेगळा असू शकतो, म्हणून त्याच मिक्सचे क्यूब दोन-तीन तापमानांना ठेवून, दोन, तीन, चार, सहा तासांनी फोडून स्वतःचा आलेख काढावा. वेळ मिक्सरमध्ये पाणी पडल्यापासून धरावी. या वयात वीस मिनिटांचा फरकही आकड्यात दिसतो.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. पॅनेल चिरडून नव्हे, वाकून तुटते, त्यामुळे क्यूबसोबत बीमही (वाकवून तोडायचे लांबट नमुने) ओतायला हवेत. कॅलिफोर्नियाच्या महामार्गांवर अशा दुरुस्तीनंतर वाहतूक सोडण्यासाठी वाकण्याविरुद्धची ताकद सुमारे २.८ मेगापास्कल असावी, अशी अट घातलेली आहे. पृष्ठभागावरच्या उसळीवरून ताकद अंदाजणाऱ्या रिबाउंड हॅमरवर इतक्या कोवळ्या काँक्रीटसाठी विसंबू नये, आणि सिमेंटच्या लगद्यात रुतवायची व्हिकॅटची सुई फक्त घट्ट होण्याची वेळ सांगते.

पुढच्या वेळी ओततानाच कोपऱ्यात, अर्ध्या खोलीवर थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बसवा, निदान एक बीम पॅनेलशेजारी त्याच आच्छादनाखाली ठेवा, आणि कोपऱ्याचे अंश-तास आपल्या आलेखावर पुरे होईपर्यंत बॅरिकेड हलवू देऊ नका.