सोलो पाह्यजे म्हनतं तर
भाऊ, बँडपार्टीत एक सीझन नाही झाला अन् तुले सोलो, म्हंजे एकट्यानं समोर उभं राहून वाजवाले, पाह्यजे, मांगाले हरकत नाही पन मास्तर कोनाले देते हे पाय आदी. मोठ्या ऑर्केस्ट्रातही बाहेरचा सोलोइस्ट महाग पडते म्हनून कदी कदी घरचाच उभा करतेत, अन् तो काय वाजवते त्यावर कॉन्चर्टो (एक वाद्य समोर अन् बाकी ऑर्केस्ट्रा त्याच्या संग, अशी रचना) ठरते. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या पन्नाशीत, १९५४ ले, व्हॉन विल्यम्स ह्या इंग्रज संगीतकाराचा ट्यूबा कॉन्चर्टो त्याइच्याच ट्यूबावाल्यानं वाजवला. ट्यूबा बरं, ते जाड्या आवाजाचं मोठं पितळी वाद्य! आपल्यात बेसवाल्याले कोन इचारते बाप्पा. तू क्लॅरिनेटवाला, मोझार्टचा १७९१ चा क्लॅरिनेट कॉन्चर्टो ऐक, मधला भाग सावकाश हाय, दम टिकते का पाय. अन् तू समोर गेल्यावर मांगं तुही लाइन कोन वाजवीन ते पयले ठरव, मास्तर तेच इचारते.