जादूगारासारखा विचार करून रोजच्या अडचणी सुटतात का?

बऱ्याचदा सुटतात. जादूगार शेवटापासून सुरुवात करतो: प्रेक्षकाला काय दिसायला हवं ते आधी ठरवतो, मग वाट शोधतो. आपण हाताशी जे आहे त्यातच घुटमळतो.

१८५६ मध्ये रॉबेर-हुदँ या फ्रेंच जादूगाराने अल्जीरियात एक पेटी मांडली. धडधाकट गड्याने ती आधी सहज उचलली, नंतर त्यालाच ती तसूभरही हलेना. सगळे बघत होते त्याच्या ताकदीकडे. खेळ होता रंगमंचाखालच्या विद्युतचुंबकाचा!

म्हणून कुठे अडलात की आपण काय काय गृहीत धरलंय ते लिहून काढा आणि एकेक खोडून बघा. मीटिंग फार लांबते? मुळात ती हवीच, हे कुणी ठरवलं? लक्ष दुसरीकडे वळवायची युक्ती मात्र घरच्यांवर वापरू नका, लगेच पकडले जाल.