अमेरिकेत मानसशास्त्रात पीएचडी मिळवणारी पहिली लॅटिना (लॅटिन अमेरिकी वंशाची) स्त्री कोण आणि तिचे योगदान काय?

हा मान मार्था बर्नाल यांना दिला जातो. टेक्सासमध्ये 1931 साली जन्मलेल्या बर्नाल यांनी 1962 मध्ये इंडियाना विद्यापीठातून ही पदवी मिळवली. मात्र अनेक चरित्रनोंदी त्यांना ‘मेक्सिकन वंशाची पहिली स्त्री’ म्हणतात आणि ‘पहिली लॅटिना’ या व्यापक दाव्यापेक्षा तेच विधान मला अधिक काटेकोर वाटते. वर्तनसमस्या असलेल्या मुलांच्या उपचारांवर त्यांनी सुरुवातीला संशोधन केले, पण माझ्या मते त्यांचे खरे मोठे काम पुढचे आहे: मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विभागांत अल्पसंख्याक विद्यार्थी आणि प्राध्यापक किती थोडे आहेत, आणि भावी चिकित्सकांना अल्पसंख्याक समाजांसोबत काम करण्याचे शिक्षण किती अपुरे मिळते, हे त्यांनी पाहणी करून आकडेवारीनिशी मांडले. रुग्णाची भाषा आणि कुटुंबपद्धती न जाणणारा चिकित्सक त्याचे दुःख चुकीचे वाचू शकतो, म्हणून हा प्रश्न थेट उपचारांच्या दर्जाचा आहे. नंतर ॲरिझोना स्टेट विद्यापीठात त्यांनी मेक्सिकन-अमेरिकन मुलांमध्ये वांशिक ओळख कशी घडते याचा अभ्यास केला. त्यांचे निधन 2001 मध्ये झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, 2011 मध्ये, मेल्बा वास्केझ या अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या पहिल्या लॅटिना अध्यक्ष झाल्या.